रिकाम्या पाइपांची हकिकत

खांदा कॉलनी, पनवेल
शनिवार, मार्च १९९६

तीर्थरूप दाजींच्या चरणी सुभाषचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण दीड महिना पाठीत उसण भरली आहे आणि एकदा आडवा झालो की मला उठवायला दिपाला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. तेव्हा हा उभ्या उभ्या घातलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. बाकी इकडे सगळे ठीक. तुमची साखर आटोक्यात असेल आणि ताईचा गुडघा तिला जिना चढू देत असेल, असे धरून चालतो. (ताईला सांगा, तिने दिलेले तेल पाठीला लावले. पाठीला काहीच झाले नाही, पण त्या वासाने पहिल्या बाकावरची मुले आपण होऊन शेवटच्या बाकावर गेली.) दिपा बरी आहे. तिने तुम्हा दोघांना नमस्कार सांगितला आहे आणि पत्र फार लांबवू नका असेही सांगितले आहे. त्यातले पहिले पोचवले. दुसरे जमेलसे दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, गणपतीत आपल्याकडे राहून गेलेल्या या माणसाचे इतके महिने एक ओळ नाही, हे काय? दाजी, रागावू नका, पण त्याचे कारण तुम्हीच आहात. गौरीच्या दिवशी जेवण झाल्यावर बडीशेप चघळत तुम्ही एक वाक्य बोललात. बोललात आणि आडवे झालात. ते वाक्य मात्र माझ्याबरोबर घाट उतरून पनवेलला आले, आणि पुढे आमच्या शाळेचे, भिंतीचे, शिक्षण खात्याच्या एका भल्या साहेबांच्या कोटाचे आणि माझ्या पाठीचे जे काही झाले ते सगळे त्या वाक्यामुळे झाले. तेव्हा ते तुम्हाला सविस्तर कळवणे मला भाग आहे.

मुळापासून सांगतो. आमच्या जुन्या कौलारू शाळेशेजारी गेल्या वर्षी स्लॅबची नवी इमारत उभी राहू लागली. तळमजला, वर एक मजला, त्यावर गच्ची. शाळेचे अध्यक्ष काशीरामशेठ. आज जिथे नवीन पनवेलचे सेक्टर आहेत तिथे एके काळी त्यांची भातशेती होती. आता विटांची भट्टी, रेतीचे ट्रक आणि बाजारात दुकाने आहेत. माणूस दिलदार. शाळेची जागा त्यांची, विटा त्यांच्या, रेती त्यांची, त्यामुळे समितीच्या बैठकीत मतही एकट्या त्यांचेच असते, आणि इतरांना त्यात काही गैर वाटत नाही. तर या शेटजींनी एका बैठकीत जाहीर केले की नव्या इमारतीत तळमजल्यावर मागच्या कोपऱ्यातली खोली 'संगणक कक्ष' होईल, मुंबईचे त्यांच्या ओळखीचे एक व्यापारी एक कॉम्प्युटर देणगी देणार आहेत आणि खोलीची सगळी जबाबदारी सुभाष मास्तरांकडे राहील.

आता तुम्हाला ठाऊक आहे, मी चित्रकला शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध एवढाच की शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर मी 'चला एकविसाव्या शतकाकडे' असे चित्र काढले होते. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी कॉम्प्युटरसमोर बसून उगवत्या सूर्याकडे बघताहेत. कॉम्प्युटर मी एका कॅलेंडरवरून उतरवला होता. त्याच्या बाजूला शेपूट असलेली एक वस्तू होती, ती काय ते न कळल्यामुळे मी ती मुलाच्या पायाखाली काढली, शिलाई मशीनच्या पायट्यासारखी. (तिला उंदीर म्हणतात हे तुमच्याकडे आल्यावर कळले. तोवर चित्र वाळले होते.) शेटजी रोज त्या भिंतीवरून जात. ज्याने काढला त्याला तो कळत असणारच, असा त्यांचा हिशेब. मी समजावू लागलो तेव्हा ते म्हणाले की मास्तर, वाघ काढनारा वाघाला वलखतो.

त्या बैठकीत आणखी एक गोष्ट झाली. आमच्या पर्यवेक्षिका कुमुदबाई उभ्या राहिल्या. बाई बारीक चणीच्या, आवाजही बारीक, पण त्या बोलू लागल्या की माणसे चहाचा कप खाली ठेवतात. त्या म्हणाल्या की नवी इमारत होतेच आहे तर मुलींसाठी संडास-मोरी तेवढी करून घ्यावी. जुन्या इमारतीमागे पत्र्याचा एक आडोसा आहे, त्याला कडी नाही आणि पाणी तर कधीच नव्हते. ही मागणी बाई दर वर्षी करतात. शेटजींचे उत्तरही दर वर्षीचेच. बाई, तुमचं खरं हाय, पन मागच्या बाजूला पानी जात नाय, लाइन वलवायला लय खर्च हाय, पुढच्या वर्सी बघू. बाई बसल्या. विषय संपला. मी कॉम्प्युटरच्या धक्क्यातून सावरलो नव्हतो, त्यामुळे माझ्या डोक्यातून ते तेव्हाच गेले.

त्यानंतर मी गणपतीला तुमच्याकडे आलो. तुम्ही मला मुद्दाम कंपनीत नेऊन कॉम्प्युटरची खोली दाखवलीत. ती थंडगार हवा, ते बाहेर चपला काढून आत जाणे, सगळे देवळासारखे. मी तिथे हात जोडले होते हे तुम्ही ताईला सांगितलेत, ते सांगायला नको होते. आणि मग जेवणानंतर ते वाक्य. तुम्ही म्हणालात, "सुभाष, बाकी काही करू नकोस, पण गिलावा व्हायच्या आधी भिंतीत रिकामे पाइप घालून घे. आम्ही घातले नाहीत, आता वायरींत पाय अडकून माणसं पडतात."

मी परत आलो तो हे वाक्य मंत्रासारखे म्हणतच. इमारतीवर आमचा कंत्राटदार जगन उभा होता. त्याला म्हटले, गिलावा थांबव, भिंतीत रिकामे पाइप घालायचे आहेत. जगनने सगळ्या आयुष्यात पाण्याचे पाइप घातले होते, विजेचे घातले होते, सांडपाण्याचेही घातले होते. रिकामे पाइप घालायला त्याला अजून कोणी सांगितले नव्हते. तो स्कूटर काढून थेट शेटजींकडे गेला आणि त्यांना घेऊनच आला. शेटजींनी मला विटांच्या ढिगावर बसवले, स्वतः समोर बसले, आणि समजुतीच्या सुरात विचारू लागले.

"मास्तर, या पायपान काय जानार?"

"वायरी, शेटजी."

"कवा?"

"आत्ता नाही. पुढे."

"पुढं कसल्या वायरी?"

"ते अजून निघालेलं नाही. निघालं की यातून जाईल."

जगन मान फिरवून रेतीच्या ढिगाकडे बघू लागला. दाजी, तुम्ही बोललात तेव्हा हे किती सरळ वाटले होते! विटांवर बसून दुसऱ्याला सांगू लागलो तेव्हा मला स्वतःलाच माझी काळजी वाटू लागली. शेटजी मात्र नवीन पनवेलच्या दिशेला हात करून जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही.

"तिकडं आमच्या शेतान पन पयले असेच रिकामे पाइप आनून टाकले व्हते. माझा बाप साहेबाला इचारी, यान काय जानार? साहेब बोलला, शहर. बाप हसत घरी आला. दोन-तीन पावसाले त्या पायपान बेडका ऱ्हायल्या." एवढे बोलून ते उठले आणि विटांची धूळ झटकली. "मंग शहर आलाच ना. घाला मास्तर. नाय बोलत नाय."

परवानगी मिळाली, पण जगनने त्यात आपले डोके चालवले. विजेचा पाइप वेगळा, पाण्याचा वेगळा, हे त्याला मान्य नव्हते. आत काही जाणारच नसेल तर तो कसला का असेना, असे म्हणून त्याने पाण्याच्या लाइनीसाठी आणलेला जाड करडा पाइपच वापरायला काढला. मलाही तो मजबूत वाटला. (इथे मी तुम्हाला एक कार्ड टाकून विचारायला हवे होते हे आता कळते. तेव्हा वाटले, दाजींना किती त्रास द्यायचा.) दिवाळीच्या सुटीत मी भिंतीवर रंगीत खडूने पाइपांचे रस्ते आखले. माझी आखणी सुबक झाली होती, दोन वेली दारापाशी एकत्र येऊन खिडकीला वळसा घालून वर जाताहेत अशी. जगनने ती पाहिली आणि विचारले की यातून वायर जाणार आहे की नागोबा. मग सरळ रेघा मारल्या. माणसे छिन्नीने भिंतीत झिऱ्या, म्हणजे पाइप बसतील अशा खाचा, मारू लागली. एक भिंत माझ्या नकळत गिलाव्याला घेतली होती, तिथे मी पाठ लावून उभा राहिलो आणि गवंड्याला म्हटले की आधी माझ्यावर गिलावा कर. तो गवंडी आज्ञाधारक निघाला. दिपाने तो सदरा जपून ठेवला आहे, दोरीवर न टांगता नुसता कोपऱ्यात उभा राहतो.

अशा रीतीने चारही भिंतींत पाइप बसले. प्रत्येकाचे खालचे तोंड एका लोखंडी डबीत, डबीवर फळीचे झाकण. वरची सगळी तोंडे गच्चीत, टाकीच्या कट्ट्याशेजारी, कारण उद्या बातम्या आकाशातून येणार असे तुम्हीच म्हणाला होतात. आत पाली जाऊ नयेत म्हणून मी दोन्हीकडे वर्तमानपत्राचे बोळे कोंबले.

मग आले विजेचे अर्थिंग. त्यासाठी जमिनीत खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा भरतात, हे तुम्ही लिहून दिले होते. तो कागद मी शेटजींना वाचून दाखवला. मीठ म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या मामाचे उरणकडे मिठागर आहे. मला लागणार होते पिशवीभर मीठ, शेटजींनी पाठवला ट्रक. शाळेच्या मागे मिठाचा पांढराशुभ्र डोंगर, शेजारी कोळशाचा काळा डोंगर आणि मधे माणूसभर खड्डा, आणि काठावर मी हातात कागद घेऊन वाचतो आहे, हे दृश्य बाजारात जाणाऱ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी गावात बोलवा झाली की शाळेवर कोणी करणी केली होती ती चित्रकलेचे मास्तर काढताहेत. शेटजींच्या पत्नी भामाबाई स्वतः आल्या, खड्ड्यात नारळ टाकला आणि कडेला बसून मला विचारले की त्यांच्या सुनेच्या डोकेदुखीवर काही होईल का. मी म्हटले, हे विजेसाठी आहे. त्या म्हणाल्या, तिला तसेच झटके येतात. (उरलेले मीठ अजून आहे. शिक्षकांपैकी कोणाच्याही घरी गेल्या चार महिन्यांत मीठ विकत घेतलेले नाही.)

एवढे सगळे होत असताना मी खोलीच्या बाहेर लावायला एक पाटी रंगवली, 'कृपया चपला बाहेर काढाव्यात'. ती वाळत ठेवली होती तेव्हा कुमुदबाई तिथून जात होत्या. त्यांनी वाचली आणि शांतपणे म्हणाल्या की वाडीवरच्या मुलींच्या पायात काढायला चपला नसतात, त्यांनी काय करायचे? मग थांबल्या आणि त्यांनी मला विचारले, तुमच्या तासाला मुली किती असतात हो? मी म्हटले, कमीच. माझा तास मोठ्या सुटीनंतरचा. मुलींना चित्रकलेची फारशी आवड दिसत नाही, शुक्रीसारखी चांगला हात असलेली मुलगीसुद्धा सुटीत घरी जाते ती परत येत नाही.

शुक्री आठवीत आहे. डोंगराच्या पायथ्याच्या वाडीवरून येते. तिची आई भट्टीवर विटा थापते. त्या मुलीने एकदा पाटीवर खडूने म्हैस काढली होती, ती बघून मी माझी म्हैस पुसून टाकली.

कुमुदबाई म्हणाल्या, "सुभाषसर, त्यांना चित्रकला आवडते. सकाळपासून त्या पाणी पीत नाहीत. सुटी होईपर्यंत कशाबशा थांबतात आणि मग घरी जातात, कारण इथे जायला जागा नाही. एकदा गेल्यावर डोंगरापासून परत कोण येणार?"

त्या निघून गेल्या. दाजी, मला वाटत होते की माझा विषयच असा, परीक्षेत कोणी विचारत नाही, मुली तरी कशाला बसतील. संध्याकाळी मी शेटजींच्या घरी जाऊन हे जमेल तसे सांगितले. त्यांनी ऐकले. वाईटही वाटले त्यांना, दिसले. पण उत्तर तेच. पाणी मागे जात नाही. सव्वीस जानेवारीला उद्घाटन आहे, आधी ते पार पाडू. मी खाली मान घालून आलो आणि संगणक कक्षाच्या खिडकीच्या पडद्याचे माप घ्यायला लागलो, दुसरे काय करणार होतो?

उद्घाटन जवळ आले आणि कॉम्प्युटर आला नाही. मुंबईचे व्यापारी फोनवर 'पुढच्या आठवड्यात' म्हणत होते आणि तो आठवडा दर आठवड्याला पुढे सरकत होता. पत्रिका छापून झाल्या होत्या. शिक्षण खात्याचे साहेब यायचे कबूल झाले होते. शेटजींनी मला बोलावले आणि म्हणाले, मास्तर, भिंतीवर केलात तसा टेबलावर करा. साहेब हार घालतील, फोटो निघेल, खरा आला की बदलू. मग मी पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर केला. खोक्यांना खळ लावली, पोस्टर कलर दिला, निळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत 'सुस्वागतम्' लिहिले. आपल्याच तोंडाने सांगणे बरे नाही, पण चार हातांवरून बघितले असते तर तुम्ही त्याचे बटण दाबायला गेला असता. या वेळी उंदीरसुद्धा योग्य जागी काढला, शेपटीसकट.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर साहेबांच्या हस्ते आधी अंगणातल्या नळाचे उद्घाटन होते, कारण गच्चीतली नवी टाकीही त्याच दिवशी सुरू व्हायची होती. टाकीचे जोडकाम महादेव प्लंबरने आदल्या दिवशी घाईत उरकले होते. महादेव गच्चीत गेला तेव्हा त्याला टाकीशेजारी एका ओळीत उभी असलेली करडी पाइपांची तोंडे दिसली. पाण्याचाच पाइप, टाकीच्या कट्ट्याशेजारी. त्याने त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला. बोळे उपटले आणि सगळे पाइप टाकीला जोडून दिले. त्याला बोल कसा लावायचा? दाजी, तुम्हीही तेच केले असते.

साहेबांनी नळ फिरवला. थेंब पडले. शेटजींनी वर गच्चीत टाकीच्या कॉकपाशी बसलेल्या महादेवला सांगितले की अजून खोल. थोडी धार आली. शेटजी म्हणाले, पुरा खोल रे, साहेब आलेले हायत. महादेवने पुरा खोलला. तरी धार बारीकच. बाकीचे पाणी कुठे जात होते ते कोणाला माहीत! टाळ्या झाल्या आणि मंडळी माझ्या खोलीकडे निघाली.

खोलीत सगळे दाटीने उभे राहिले. मी दारापाशी. साहेबांनी समई लावली, टेबलावरचे कापड बाजूला केले आणि माझा कॉम्प्युटर पाहून कौतुकाने मान डोलावली. त्यांनी खिशातून भाषणाचा कागद काढला. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, म्हातारे माणूस खाकरते तसा. पाठोपाठ दुसऱ्या भिंतीतून. शेटजी माझ्याकडे बघून हळूच म्हणाले की मास्तर, निघालं वाटतं ते, पुढचं. तेवढ्यात पहिल्या डबीवरचे झाकण उडाले आणि आतला वर्तमानपत्राचा बोळा साहेबांच्या छातीवर बसला. मग एकामागून एक सगळी झाकणे उडाली आणि चारही भिंतींतून पाणी आत येऊ लागले. नळाचे नव्हे दाजी, पिचकारीचे. (खोलीला विजेचे कनेक्शन अजून मिळाले नव्हते, म्हणून आज हे पत्र लिहायला मी आहे.) समई विझली. मुलींचे स्वागतगीत मधल्याच ओळीवर थांबले. पेटीमास्तर पेटी डोक्यावर घेऊन बाहेर गेले. मी पुठ्ठ्याच्या कॉम्प्युटरवर आडवा पडलो आणि तिथेच माझी पाठ गेली, ती अजून परत आलेली नाही. पण तो वाचला नाही. खळ सुटली, खोके बसले, 'सुस्वागतम्' पडद्यावरून ओघळून टेबलाच्या पायापर्यंत गेले. साहेब फार शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला, आपल्या पांढऱ्या कोटावरचा निळा ओघळ पाहिला आणि एवढेच म्हणाले, "याचा रंग जातो आहे."

कोणीतरी महादेवला हाका मारल्या. पाणी थांबले. खोलीत घोटाभर पाणी आणि त्यात उभी असलेली समिती. कोणी कोणाकडे बघेना. मी टेबलावरच होतो, उठता येत नव्हते. तेव्हा मागून तो बारीक आवाज आला.

"शेटजी, मागच्या बाजूला पाणी आलं."

कुमुदबाई दारात उभ्या होत्या, पदर खोचलेला. हसत नव्हत्या. रागावलेल्याही दिसत नव्हत्या. शेटजींनी त्यांच्याकडे बघितले, मग भिंतीकडे, मग पायाखाली. पांढरी सफारी अंगाला चिकटलेली, टोपीतून पाणी गळते आहे. मला वाटले, आता माझी नोकरी गेली.

"आलं खरं," शेटजी म्हणाले. मग बाईंकडे वळून, "बाई, किती वर्स मागताव तुमी?"

"तुम्ही अध्यक्ष झालात तेव्हापासून."

शेटजींनी टोपी काढून पिळली आणि परत घातली. "मंग ही खोली तुमची," ते म्हणाले. "जगन, उद्या ये. साहेब, बोला तुमी भाषन, उद्घाटन झालं."

साहेबांनी ओला कागद उलगडला आणि भाषण केले. जिथे जिथे 'संगणक' होते तिथे त्यांनी 'स्वच्छता' घातले, बाकी एक शब्द बदलला नाही, आणि कोठेही खटकले नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. (दिपा दोनदा डोकावून गेली.) महिन्याभरात जगनने तिथे आडभिंती घातल्या, सांडपाण्याची सोय केली, दारांना आतून कड्या लावल्या. माझ्या डब्यांच्या जागी तोट्या बसल्या, फक्त त्या विजेच्या बटणांच्या उंचीवर आहेत, त्यामुळे पाचवीच्या मुलींना चवड्यांवर उभे राहावे लागते. दारावर मात्र सिमेंटमध्ये कोरलेली 'संगणक कक्ष' ही अक्षरे तशीच आहेत, कारण ती तोडायला गेले तर चौकट हलेल असे जगन म्हणतो. या सगळ्याचा परिणाम असा, की परवा मोठ्या सुटीनंतर मी आठवीवर गेलो तेव्हा बाकांवर जागा नव्हती. मुलींची अख्खी रांग भरलेली. निसर्गचित्र काढायला सांगितले. थोड्या वेळाने शुक्रीने हात वर केला आणि सगळ्या वर्गादेखत, अजिबात न लाजता विचारले, "सर, कॉम्पुटरला जाऊ?"

मी म्हटले, जा. ती गेली आणि परत आली, दाजी. परत येऊन जागेवर बसली आणि तिने चित्र पुरे केले. त्यात आमच्या मागचा डोंगर होता, डोंगरावर एक टेबल, टेबलावर माझा निळा कॉम्प्युटर, आणि त्याच्या पडद्यातून धबधबा पडत होता, खाली वाडीपर्यंत. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. आमच्या विषयात तसे देत नाहीत.

ताईला साष्टांग (तिच्यासाठी प्रयत्न करून बघीन). लोभ आहेच, तो पाठीचे हे प्रकरण वाचूनही राहावा.

तुमचा,
सुभाष

ता. क. तुमच्या कंपनीत जुने कॉम्प्युटर काढून नवे घेणार आहेत असे तुम्ही म्हणाला होता. त्या जुन्यांतला एक आमच्या शाळेला मिळाला तर फार उपकार होतील. नव्या कक्षासाठी वरच्या मजल्यावरची खोली ठरली आहे. चालू नसला तरी चालेल, पुठ्ठ्याचा नसला म्हणजे झाले.

ता. क. दुसरा. हे रिकामे पाइप कोणाच्या डोक्यातून निघाले, हे मला शेटजींना सांगावेच लागले. मी त्यांना सांगितले ते जबाबदारी टाळण्यासाठी, पण झाले उलटेच. ज्याच्या एका शब्दाने शाळेत पाणी आले त्या माणसाचे पाय धरायला पाहिजेत, असे त्यांनी ठरवले आहे. त्यासाठी उद्या रविवारी ते, भामाबाई, कुमुदबाई, जगन, महादेव आणि समितीची बाकीची मंडळी जीप करून तुमच्याकडे येत आहेत. घाट चढल्यावर भूक लागते, एवढेच ताईच्या कानावर घालतो. तुमच्यासाठी ते भला मोठा जिताडा आणत आहेत. तुमच्या घरात मासा शिजत नाही हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

ता. क. तिसरा. टपालाने हे पत्र वेळेत पोचले नसते, म्हणून ते चिकटवून शेटजींच्याच हाती देत आहे. म्हणजे तुम्ही हे वाचत आहात तेव्हा ते तुमच्यासमोर सोफ्यावर बसलेले आहेत. कृपा करून चेहरा गंभीर ठेवा. काय लिहिले आहे असे विचारले तर सुभाषची पाठ दुखते म्हणून सांगा. आणि ते तुमच्या बैठकीच्या भिंतीकडे टक लावून बघत असतील, तर ताबडतोब चहा आणा आणि दुसरा कोणताही विषय काढा. हल्ली ते कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करून बघतात, आणि जगनच्या पिशवीत छिन्नी-हातोडा आहे.